नागपूर लागते का?

चिखला हे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते मँगनीजमुळे. तुमसर सोडून गोबरवाहीकडे निघालं की भाताच्या बांध्या हळूहळू मागं पडतात, सातपुड्याच्या टेकड्या जवळ येतात आणि रस्त्याकडेची माती काळपट होत जाते. डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी, चिखला ही सगळी खदानीची गावं. उत्तरेला बावनथडीच्या पल्याड मध्य प्रदेश. तुमसर रोडहून तिरोडीला जाणारा रेल्वेचा फाटाही या खनिजाच्याच जिवावर चालला. त्यामुळे आमच्या भागाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस खदानीचा इतिहास लिहितो. इंग्रजांची कंपनी कशी आली, १९६२ साली सरकारची भागीदारी असलेली नवी कंपनी कशी झाली, मजूर कुठून कुठून आले, हे सगळं त्यात असतं. ते बरोबरच आहे.

मला मात्र इथं दुसराच एक इतिहास सांगायचा आहे. तो कुठल्या दप्तरात नाही. आमच्या गावात आवाज कुठून कुठून येत होता, कोणता कधी आला आणि कोणता कधी विरला, याचा हा इतिहास. माझ्या लहानपणी कुणी नवा रेडिओ आणला की लोक आधी किंमत विचारत नसत. विचारत, "नागपूर लागते का?" नागपूर लागत असेल तर सेट चांगला, नाही तर कितीही चमकदार असो, तो खोका. या एका प्रश्नात आमच्या गावचं रेडिओशी असलेलं सगळं नातं आलं.

देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची फक्त सहा केंद्रं होती: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. सरकारी हिशेबाप्रमाणे त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि ११ टक्के लोकांपर्यंत पोचत होता. उरलेल्या ८९ टक्क्यांत आम्ही. मग १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झालं. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. एका राज्यात मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा नांदत होत्या, म्हणून केंद्रावरही दोन्ही भाषा होत्या. आज बालाघाट वेगळ्या राज्यात आणि भंडारा वेगळ्या राज्यात आहे, पण तेव्हा दोघांची राजधानी एकच होती आणि रेडिओही एकच. चिखल्यापासून नागपूर सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. एवढ्या अंतरावरून आपल्या भाषेत माणूस बोलतो आणि तो घरात ऐकू येतो, याचं अप्रूप माझ्या आजाला मरेपर्यंत होतं. तो म्हणायचा, "गाडी जाते सकाळी, पोचते सांजेले. अन् हा बोलते अन् तिथंच पोचते."

सुरुवातीला रेडिओ म्हणजे मोठ्या लोकांचं काम. खदानीच्या साहेबांच्या बंगल्यावर, एखाद्या जुन्या मालगुजाराच्या वाड्यावर, नाही तर तुमसरच्या तांदळाच्या व्यापाऱ्याकडे सेट असायचा. लाकडी पेटी, आत काचेचे व्हॉल्व्ह. चालू केला की लगेच बोलत नसे, आधी तापायचा. सेट ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागे आणि दर वर्षी नवं करावं लागे. घराच्या कवेलूंवर दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणायची, दुसरी तार विहिरीजवळच्या ओल्या मातीत पुरायची. वरच्या तारेला लोक 'एरियल' म्हणत आणि खालच्या तारेला 'अर्थिंग'. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंगवर लोटाभर पाणी ओतायचं. पाणी घातल्यावर आवाज वाढतो, हे पाहून म्हातारी माणसं म्हणत, झाडासारखंच हाय हेही, पाणी लागते याले.

म्हाताऱ्यांचं म्हणणं वरवर गमतीचं, पण त्यात खरी गोष्ट होती. मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून चालते. तिला टेकडी आडवी आली तरी ती वळसा घालून पुढं सरकते. जमीन कोरडी आणि खडकाळ असली की लहर लवकर थकते, ओली असली की दूर जाते. नागपूरहून आमच्याकडे येताना मधे वैनगंगेचं खोरं, तलाव, बोड्या आणि पाण्यानं भरलेल्या भाताच्या बांध्या. लहरीची लांबी जितकी मोठी तितकी तिची चाल चांगली. नागपूरचं स्टेशन पुढं ज्या ५८५ किलोहर्ट्झवर ओळखलं जाऊ लागलं, ती लहर ५१२ मीटरहून लांब, म्हणजे मीडियम वेव्हच्या पट्ट्याच्या अगदी सुरुवातीची. प्रक्षेपकाची ताकदही वाढत जाऊन ३०० किलोवॅट झाली. ताकद शंभरपट केली तरी दूरवर लहर दहापटच तगडी होते, त्यामुळे नुसत्या ताकदीनं सगळं होत नाही. पण चांगली लहर, चांगली जमीन आणि चांगली ताकद असं तिन्ही जमलं, म्हणून टेकड्यांच्या आड बसलेल्या चिखल्यात भर दुपारी नागपूर खणखणीत लागायचं.

रात्रीची गोष्ट निराळी. दिवसा आभाळातला एक थर मीडियम वेव्हच्या वर जाणाऱ्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर खाली उतरतात. त्यामुळे दिवेलागणीनंतर आमच्या सेटवर जत्रा भरायची. कलकत्ता, दिल्ली, हैदराबाद, कधी कुणाला नाव न कळणारी परकी भाषा. शॉर्टवेव्हवर सिलोन. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांना फिल्मी गाणी आवडत नव्हती. ते आपलेच मराठी गृहस्थ, पण त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. चिखलाही वळला. बुधवारी रात्री बिनाका गीतमालाच्या वेळी खदानीच्या क्वार्टरांसमोर बाजा टाकून लोक बसत. मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि १ नोव्हेंबर १९६७ ला तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या. त्याची सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून झाली. आमच्याकडे मात्र नागपूरची विविध भारती मुख्य केंद्रासारखी तगडी येत नसे. फिकट यायची, जशी दुसऱ्या मोहल्ल्यातली हाक.

रेडिओ खऱ्या अर्थानं गावाचा झाला तो ट्रांझिस्टरमुळे. माझा जन्म १९६० च्या आसपासचा, म्हणजे मी ट्रांझिस्टरसोबतच वाढलो. बाबा खदानीत होते. बोनसच्या पैशातून त्यांनी तुमसरहून सेट आणला, चामड्याच्या कव्हरातला, चार सेलांचा. आता ना बांबू, ना तार. सेटच्या आत काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली, तोच एरियल. पण त्या कांडीची एक खोड आहे. कांडीचं टोक स्टेशनकडे असलं की आवाज पडतो, कांडी आडवी असली की उचलतो. म्हणून सेटचं तोंड किंवा पाठ स्टेशनकडे करावी लागे. बाबांनी देवळीत खडूनं तीन रेघा ओढून ठेवल्या होत्या: एक नागपूरची, एक रायपूरची, एक जबलपूरची. सेट त्या रेघेवर बसवला की काम झालं. माय भाकरी थापता थापता ओरडायची, "आयकू नाही येऊन रायलं, जरासा फिरव ना रे!" आणि आम्ही पोरं सेट बोटभर फिरवायचो. पुढं शाळेत नकाशा आला तेव्हा नागपूर नैऋत्येला, जबलपूर उत्तरेला आणि रायपूर पूर्वेला, हे मला आधीच माहीत होतं.

रायपूरची रेघ आमच्यासाठी नव्हती, शेजाऱ्यांसाठी होती. खदानीत छत्तीसगडकडची पुष्कळ माणसं होती. शिवाय गोंड, पोवार, कलार, तेली, महार, बालाघाटकडचे हिंदी बोलणारे, अशी सगळी मिसळ. पहिली पाळी सुटली की संध्याकाळी आमच्या शेजारचे काका सेट मागायला येत. त्यांना ९८१ वरचं रायपूर हवं असे, तिकडची गाणी ऐकायला. दोनशे किलोमीटरवरचं स्टेशन, दिवसा जेमतेम कुजबुजायचं, अंधार पडला की मोठं व्हायचं. पण रात्री जमिनीवरून येणारी आणि आभाळातून येणारी अशा दोन्ही लहरी एकमेकींत अडकायच्या आणि आवाज झोका घेतल्यासारखा जवळ यायचा, लांब जायचा. गाणं लांब गेलं की काका तोंडानं पुढची ओळ पुरी करत. त्यांचं गाव कधी दिसलं नाही आम्हाला, पण त्या झोक्यातून थोडं ऐकू आलं.

१९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली, १९६० साली महाराष्ट्र झाला. बावनथडी सीमा झाली. चेकनाके आले, एसटीची हद्द आली, शाळेची पुस्तकं वेगळी झाली. पण मीडियम वेव्हला चेकनाका नव्हता. पलीकडच्या तिरोडी-कटंगीच्या घरांत नागपूरच्या मराठी बातम्या लागत, अलीकडे जबलपूरची हिंदी. सीमेवर राहणाऱ्या माणसाला दोन्हीकडची खबर लागते, कारण त्याचा बाजार एकीकडे आणि सोयरिक दुसरीकडे असते. रेडिओनं ही सोय आपोआप केली होती. कुणी तिचा आदेश काढला नव्हता, म्हणून ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

शेतकऱ्यांचं रेडिओशी नातं आणखी वेगळं. १९५६ साली पुण्याच्या बाजूला युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग झाला होता. दीडशे खेड्यांत लोकांचे गट करायचे, त्यांनी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. तो प्रयोग देशभर गाजला. तिकडे तंजावरमध्ये एडीटी-२७ नावाच्या भाताची माहिती रेडिओवरून इतकी पसरली की लोक त्या वाणाला 'रेडिओचा भात' म्हणू लागले. आमच्याकडे असा काही गट नव्हता, पण संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम चुकत नसे. पऱ्ह्यांवर पडलेली कीड, युरियाचा हिशेब, रोवणी कधी उरकावी, धानावरचा करपा. बांधावर सेट ठेवून बाया रोवणी करत आणि मधेच एखादी मान वर करून म्हणे, "का म्हणते वो थो? पाणी सांगते का?" पावसाळ्यात मात्र रेडिओ रुसायचा. जमीन ओली म्हणून लहर चांगली, पण आभाळात वीज चमकली की सेटमध्ये कडाड्‌ व्हायचं. गंमत अशी की त्या कडकडाटावरूनच लोक पावसाचा अंदाज बांधत. बातमीआधी खरखर सांगायची की तिरोड्याकडे वीज पडून रायली.

१९७८ च्या नोव्हेंबरात जगभरातल्या बऱ्याच देशांत मीडियम वेव्हची स्टेशनं एकाच रात्री थोडीथोडी सरकली. जिनिव्हात १९७५ साली ठरलं होतं की आशिया, आफ्रिका, युरोपात दोन स्टेशनांमध्ये नऊ किलोहर्ट्झचं अंतर राहील आणि प्रत्येक स्टेशनचा आकडा नवानं भागला जाईल, म्हणजे एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात अडकणार नाही. ५८५ ला नवानं भागून पाहा, बरोबर ६५ येतात. चिखल्यात या कराराची बातमी कुणाला असण्याचं कारण नव्हतं. काटा केसभर हलवला की पूर्वीसारखंच सगळं. पण जिनिव्हात बसलेल्या लोकांनी ज्यांचा विचार करून ही आखणी केली, त्यांत डोंगराआडचा ऐकणाराही धरलेला होता, असं मला आज वाटतं. कारण मीडियम वेव्हचा सगळा हिशेबच दूरच्या माणसाचा हिशेब होता.

त्या हिशेबाचा सगळ्यात मोठा आकडा आमच्याच बाजूला उभा राहिला. नागपूरजवळ बुटीबोरीला आकाशवाणीनं १००० किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला आणि मे १९८८ मध्ये त्यावरून राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू झाली, १५६६ किलोहर्ट्झवर. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून जागा नागपूरची. रात्री तिचा आवाज देशाच्या कानाकोपऱ्यात जायचा आणि देशाबाहेरही ऐकणारे होते. खदानीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाला, धानाच्या खळ्यावर राखणीला झोपणाऱ्याला, गोबरवाही स्टेशनवर मालगाडीची वाट पाहणाऱ्याला ही सेवा सोबतीण होती. रात्रभर कुणीतरी जागं आहे, एवढीच गोष्ट, पण जो एकटा जागतो त्याला तिची किंमत कळते. त्याआधीच, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, रेडिओचं लायसन्सही बंद झालं होतं. मीडियम वेव्हचे ते सुगीचे दिवस होते.

मग टीव्ही आला, हे सगळ्यांनाच माहीत आहे. बैठकीतली जागा टीव्हीनं घेतली आणि रेडिओ चुलीजवळ, गोठ्यात, बांधावर गेला. तिथं तो अजून बरीच वर्षं राहिला असता. पण दोन गोष्टी झाल्या. एक वर झाली, एक आमच्या घरात झाली.

वर झाली ती एफएमची. एफएमचा आवाज गोड, खरखर नाही, गाणं ऐकावं तर त्यावरच. नागपूरची विविध भारती १००.६ मेगाहर्ट्झवर गेली. पण एफएमची लहर तीन मीटरची. ती जमिनीला धरून चालत नाही, नजरेसारखी सरळ जाते. टॉवर दिसेल तिथं ऐकू येईल, टेकडी आडवी आली की संपलं. ऐंशी किलोमीटर आणि मधे टेकड्या, म्हणजे चिखल्याच्या वाट्याला काय येणार? खदानीच्या वरच्या टेकडीवर चढलं तर हवा स्वच्छ असेल त्या दिवशी नागपूर थोडं सापडतं. खाली वस्तीत येईस्तोवर जातं. बालाघाटचं एफएम त्यापेक्षा जवळ, ते अधूनमधून लागतं. म्हणजे असं झालं की मीडियम वेव्हच्या काळात राज्याच्या टोकावरच्या या गावाला दोन्ही भाषा मिळत होत्या, आणि एफएमवर लागली तर हिंदी लागते. माझा हिंदीवर काही राग नाही, ती आमच्या बाजाराची आणि खदानीची भाषा आहे. पण भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला भंडाऱ्याची बातमी रेडिओवर मराठीत मिळू नये, याला काय म्हणायचं?

दुसरी गोष्ट आमच्या घरात झाली, आणि तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. नागपूरचा टॉवर तिथंच होता, ताकद तीच, लहर तीच, तरी सेटवर नागपूर घरघरायला लागलं. लोक म्हणाले, नागपूरनं आवाज कमी केला. मी आधी सेट बदलून पाहिला, मग सेल. मग एका संध्याकाळी सेट हातात घेऊन घरभर फिरलो. नव्या बल्बखाली नेला की भुंगा बसल्यासारखा आवाज. मोबाइलच्या चार्जरजवळ नेला की तोच. इन्व्हर्टरजवळ तर काहीच ऐकू येईना. बल्ब बंद केला, चार्जर काढला, नागपूर परत आलं. जुना पिवळा बल्ब नुसती तार तापवायचा. एलईडीत आणि चार्जरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि या चालू-बंदची लहर नेमकी मीडियम वेव्हच्या पट्ट्यात सांडते. चांगल्या मालात ती अडवायचे भाग असतात, आठवडी बाजारातल्या स्वस्त मालात नसतात. २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. विजेची बचत झाली, बिल कमी आलं, हे सगळं चांगलंच. पण बाजारचे बल्ब, चार्जर, टीव्हीचे डबे, मोटारींचे स्टार्टर असं सगळं मिळून घराघरात जी घरघर वाढली, तिनं मीडियम वेव्हची हद्द आत आत ओढली. टॉवर हलला नाही, पण ऐकू येण्याची हद्द गावाच्या मागं सरकली.

याचा पुरावा मला २०२० च्या ऑगस्टअखेरीस मिळाला. मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगेला असा पूर आला की भंडारा शहरातही घरं पाण्यात गेली. मी तेव्हा नदीकाठच्या गावी मामेभावाकडे अडकलो होतो. वीज गेली. दुसऱ्या दिवशी मोबाइल एकामागून एक विझले, मग रेंजही गेली. पाणी किती चढणार, धरणातून आणखी सोडणार का, हे विचारायचं कुणाला? भावानं माळ्यावरचा जुना ट्रांझिस्टर काढला, टॉर्चमधले सेल त्यात घातले. लावला तर भर दुपारी नागपूर असं स्वच्छ, जसं माझ्या लहानपणी लागायचं. आजूबाजूची दहा माणसं ओसरीवर जमली. एक म्हातारा म्हणाला, "पायलेसारखा बोलून रायला बाप्पा!" मला कारण लगेच कळलं. सगळ्या पंचक्रोशीत वीज नव्हती, म्हणून एकही बल्ब नव्हता, एकही चार्जर नव्हता. नागपूर कुठं गेलंच नव्हतं. रोज येत होतं, आमच्याच घरघरीत बुडत होतं. आणि ज्या दिवशी खरी गरज होती, त्या दिवशी तेवढंच एक पोचलं.

पण त्याआधीच एक आवाज कायमचा गेला होता. प्रसार भारतीनं राष्ट्रीय प्रसारण सेवा बंद करायचा निर्णय घेतला आणि २०१९ च्या सुरुवातीला ती थांबली. खर्च कमी करायचा, हे कारण. १००० किलोवॅटचा प्रक्षेपक विजेचा किती घास घेतो हे खदानीच्या माणसाला सांगायला नको, त्यामुळे कारण खोटं म्हणता येत नाही. मीडियम वेव्हवर डिजिटल प्रक्षेपणाची सोयही देशात तीसहून जास्त ठिकाणी केली गेली आहे. त्यात आवाज स्वच्छ येतो, पण त्याला वेगळा सेट लागतो, आणि तसा सेट मी आजवर तुमसरच्या बाजारात पाहिला नाही. बाहेरच्या देशांतही हेच चाललं आहे. जर्मनीच्या सरकारी रेडिओनं २०१५ च्या अखेरीस मीडियम वेव्ह सोडली, फ्रान्समध्ये फ्रान्स इंटरनं २०१६ च्या अखेरीस लाँगवेव्ह सोडली. अमेरिकेत नव्या गाड्यांमधून एएम काढायला निघाले, तेव्हा संकटाच्या वेळी काय ऐकायचं म्हणून तिथल्या संसदेत २०२३ साली विधेयक आलं.

आता आपल्याकडचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आकाशवाणी ९९.१९ टक्के लोकांपर्यंत पोचते, असं सरकार वर्षानुवर्षं सांगत आलं. त्यात मुख्य भार मीडियम वेव्हचा. एकट्या एफएमचा हिशेब केला तर जानेवारी २०२३ मध्ये तो ६८ टक्के लोकसंख्या आणि ५९ टक्के भूभाग होता. त्या महिन्यात केंद्रानं २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली, आणि तिचं उद्दिष्ट हे की एफएम ८० टक्के लोकांपर्यंत आणि ६६ टक्के भूभागापर्यंत न्यायचं. त्याच वर्षी २८ एप्रिलला ९१ नवे एफएम प्रक्षेपक सुरू झाले, प्रत्येकी १०० वॅटचे. १०० वॅटचा आवाज पंधरा-वीस किलोमीटरचा, एखाद्या तालुक्याच्या गावापुरता. चांगलं आहे, त्या गावांना मिळालं. पण ९९ पासून ८० पर्यंतच्या फटीत कोण आहे? टेकड्यांच्या आड, राज्यांच्या टोकावर, जंगलाच्या कडेला राहणारी माणसं. फटीत कोण राहतं हे ओळखायला आकड्यांचा जाणकार लागत नाही. चिखल्यात येऊन सेट लावून पाहिलं तरी पुरे.

आता सगळं मोबाइलवर ऐकता येतं, आकाशवाणीचं ॲपही आहे, असं शहाणी माणसं म्हणतात. माझी पोरं तसंच ऐकतात. पण मोबाइलला रेंज लागते, रेंजला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते, आणि दर महिन्याला रिचार्ज मारावा लागतो. पुरात हे सगळं एकामागून एक गेलं, मी डोळ्यांनी पाहिलं. दोन सेलांवर चालणाऱ्या सेटला यातलं काही लागत नाही. तो महिनोन्‌महिने चालतो, आणि ऐकणारा कोण, कुठला, हे विचारत नाही.

आवाज किती दूर जातो याचा हिशेब आजवर टॉवरच्या पायथ्यापासून मांडला गेला. इतके किलोवॅट, इतके किलोमीटर, इतके टक्के. तो ऐकणाऱ्याच्या कानापासून मांडून पाहावा, एवढंच माझं म्हणणं. मोजणाऱ्यानं सीमेवरच्या एखाद्या गावात यावं, सायंकाळी सातच्या सुमारास, घराघरात दिवे लागल्यावर, टीव्ही चालू असताना. बाजारातला साधा सेट घ्यावा आणि एखाद्या म्हातारीच्या हातात द्यावा. तिला तिच्या भाषेतली बातमी कळली तर ते गाव पोचलेल्यांत धरावं, नाही तर धरू नये. आणि स्टेशन बंद करायचं झालं तर खर्चाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: पुराच्या दिवशी इथं दुसरं काय लागतं? हा रकाना भरल्याशिवाय बटण दाबू नये.

तोवर आम्हालाही करण्यासारखं थोडं आहे. बल्ब घेताना दहा रुपये जास्त देऊन बरा घ्यावा. चार्जर काम झालं की काढून ठेवावा. जुना सेट भंगारवाल्याला देऊ नये, आणि सेटमधले सेल काढून वेगळे ठेवावेत, नाही तर ते फुटून सेट खातात. पोरांना एकदा तरी सेट फिरवून दाखवावा की नागपूर नैऋत्येला आहे. उपयोग रोज होणार नाही. विहिरीवर दोर असतो, तो काही रोज माणूस काढायला नसतो.